नानांचा तरास

अमळनेरच्या आमच्या गल्लीत मी कोणाचाही आवाज काढायचो. हेडसरांचा, भंगारवाल्याचा, कंडक्टरचा. पण फर्माईश यायची ती शेजारच्या नानांच्या आवाजाचीच. आमची भिंतीला भिंत. नानांना सगळ्या जगासाठी एकच शब्द पुरायचा. एस्टी पाच मिनिटं लेट? "भलता तरास शे भो!" चहा गार? "बठ्ठा तरास मनाच डोकावर!" मी हे करून दाखवलं की नाना स्वतः हसायचे आणि वर म्हणायचे, "या पोऱ्याना भलता तरास!"

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये आवाजाची पेटीच काढून टाकली. नाना घरी आले ते गळ्याला भोक आणि हातात पाटी घेऊन. पाटीवर लिहायचे. पाणी. पंखा. उशी. तो शब्द एकदाही नाही. मी रोज मुद्दाम डोकावून बघायचो.

त्यांची लेक सुरतला. आठवा महिना, त्यात बीपी वाढलेलं, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. तिला फक्त 'घसा बसलाय' असं सांगितलेलं. शेवटी ती चिडली. नाना बोलले नाहीत तर उद्या गाडीत बसते म्हणाली.

नानांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणतो. त्या माझ्याकडे आल्या. "भाऊ, दोनच मिनिट बोल. तुना तोंडमा त्यास्ना आवाज शे."

भर दुपार. नाना पलंगावर, मी शेजारी, फोन स्पीकरवर. मी नानांसारखा खाकरलो. "हा बेटा, बोल."

नानांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

ती रडायलाच लागली. "नाना, कितला दिवस व्हयनात! घसाले तरास व्हई राहिना का?"

ज्या शब्दावर मी इतकी वर्षं टाळ्या घेतल्या, तोच आयता पुढ्यात आला. पण समोर भोकातून शिट्टीसारखा श्वास चालला होता. माझ्याने म्हणवेना.

"नही बेटा. काही तरास नही."

अक्का हातानेच 'बोल, बोल' करत होत्या.

"कोन बोली राहिनं?" ती म्हणाली. "मना नाना असं कधीच नही म्हनतस. फोन नानाले द्या."

मी फोन नानांच्या कानाला लावायला गेलो. त्यांनी तो हातातून घेतला आणि गळ्याच्या भोकापाशी धरला. श्वास येत राहिला, जात राहिला. अक्कांनी पदर तोंडात कोंबला.

खूप वेळाने ती म्हणाली, "ऐकी राहिनू मी, नाना." मग नाक ओढलं. "गाडीमा नही बसस मी. पन रोज चारले फोन धरा. असाच."

आता रोज चारला भिंतीपलीकडून तिचा आवाज येतो. मग काहीच नाही. मग परत तिचा. तेवढा वेळ मी आमचा टीव्ही बंद ठेवतो.