बासष्ट डिग्री आणि हिरामणची ओळ

महेश म्हणजे माझा नवरा. सासूबाई होत्या तोवर मी "हे" म्हणायचे. आता चारचौघांत सरळ नाव घेते, कारण ज्या माणसानं पंधरा वर्षं मला दोन खोल्यांत डांबून ठेवलंय त्याला कसलं अहो-जाहो! तोंडावर मात्र अजून "अहो"च निघतं. काय करणार, सवय.

डांबलंय म्हणजे कुलूप लावून नाही हो. मोरिवलीत आमच्या दोन खोल्या. बाहेर आम्ही राहतो, आतल्या खोलीत मशीन राहतं. मशीन म्हणजे जुना घरगुती कॉम्प्युटर, कीबोर्डच्याच पोटात सगळं बसवलेला, टीव्हीला जोडायचा. आमच्या लग्नाच्या आधी महेशनं तो उल्हासनगरच्या एका सिंधी शेठकडून आणला. "ले जाओ साईं, इधर धूल खा रहा है," म्हणाला होता म्हणे शेठ. घेऊन आला हा!

तेव्हा महेश कंपनीत इलेक्ट्रिशियन होता आणि सुट्टीत दौलतरावांच्या केबलची कामं करायचा. दौलतरावांच्या लोकल चॅनलवर खाली पिवळी पट्टी सरकायची. आज पाणी येणार नाही, शिवणक्लास सुरू, अमक्यांचं निधन. ती पट्टी या मशीनमधून जायची, आमच्या घरातून थेट त्यांच्या कंट्रोल रूमला तार. मराठी अक्षरं महेशनं स्वतः ठिपक्याला ठिपका जोडून बनवली. ती धक्के खात सरकायची म्हणून त्यानं मशीनमध्ये वेगवान कार्ड घातलं, मेमरी वाढवली, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. मूळ मशीनला पंखाच नव्हता. रिक्षाला ट्रकचं इंजिन बसवल्यावर दुसरं काय होणार? तापायला लागलं. बासष्ट डिग्रीच्या वर गेलं की हँग, पट्टी जागच्या जागी थांबते.

मग सुरू झाले उपचार. झाकण काढून टाकलं. ओळखीच्या वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमचा दातेरी तुकडा कापून आणला आणि कार्डावर चिकटवला. त्यावर एक छोटा पंखा, बाजूला टेबल फॅन आणि फॅनच्या जाळीवर ओलं फडकं. खिडकी उघडावी तर कारखान्यांची हवा आत येऊन मशीनच्या पिना हिरव्या पडतात, बंद ठेवावी तर खोलीची भट्टी होते. एसी लावायला चाळीची वायरिंग झेपत नाही. मशीनच्या बाजूला काटा नसलेलं, आकडे दाखवणारं थर्मामीटर चोवीस तास लुकलुकत असतं. माझ्या तापाला या माणसानं कधी इतक्यांदा थर्मामीटर लावलं नाही, शपथेवर सांगते.

हे सगळं कशासाठी? दौलतरावांकडे नवी सिस्टीम येऊन चार वर्षं झाली. जाहिराती तिकडून जातात. आमच्या मशीनवर आता एकच ओळ उरलीय. कौसाबाईंच्या हिरामणची.

कौसाबाई बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावरच्या. थोडी भातशेती, एकुलता मुलगा. हिरामण उल्हासनगरला फर्निचरच्या दुकानात कामाला जायचा. दोन हजार दहाच्या मे महिन्यात गेला तो परत आलाच नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, देवऋषी झाले. शेवटी कुणीतरी त्यांना महेशकडे धाडलं. महेशनं ओळ लिहिली आणि त्यांच्या हातावर हात ठेवून बोलून बसला, "मावशी, हिरामण सापडेपर्यंत ही ओळ बंद होणार नाही." शब्द देताना बायकोला विचारायची पद्धत आमच्याकडे नाही.

दौलतराव स्पष्ट बोलले, "तुझं मशीन चालतंय तोवर चालू दे म्हातारीची ओळ. बंद पडलं तर नव्यात मी घेणार नाही. एकाची फुकट घेतली की उद्या दारात रांग लागेल." झालं! म्हणजे मशीन तापून मेलं की हिरामण गेला. महेशनं शब्द दिल्यापासून आम्ही दोघं मिळून कुठंही गेलेलो नाही. लग्न असो की मयत, एकानं जायचं, एकानं ओली फडकी बदलायची. महेशची कंपनी बंद पडल्यावर तर तो दिवसरात्र तिथंच. मला कधी कधी इतकी चीड यायची की वाटायचं, एक तांब्या पाणी ओतावं त्याच्या उघड्या पोटात आणि मोकळं व्हावं. मनात आलं ते सांगतेय, लपवू कशाला?

कौसाबाई महिन्या-दोन महिन्यांनी यायच्या. तांदळाचं पीठ, कैऱ्या, असलं काही घेऊन. त्यांना वाचता येत नाही. टीव्हीवर पिवळं काही सरकताना दिसलं की त्यांना बरं वाटतं. माठाखाली ओली वाळू घालतात तशी मशीनखाली घाला, ही अक्कलही त्यांचीच. महेशनं परातीत ओली वाळू घेतली, त्यावर पत्रा आणि पत्र्यावर मशीन ठेवलं. तीन डिग्री उतरले, खोटं कशाला बोलू.

यंदा मे महिन्यात आमच्या ऋतिकानं चिखलोलीला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "आई, तू नेहमीच येतेस. या वेळी पप्पांना पाठव. ते आले नाहीत तर मी पण गणपतीला येणार नाही, सांगून ठेवते." पोरगी माझ्यावर गेलीय. मी महेशला इस्त्रीचा शर्ट घातला आणि अक्षरशः दाराबाहेर ढकललं. जाताना तो तीनदा मागं फिरला. फडकं पिळून ठेव, टपकता कामा नये. साठ झाले की बर्फाची पिशवी फॅनसमोर धर, मशीनला लावू नको. "जा आता," म्हटलं, "तुमच्या सवतीला सांभाळते मी!"

सकाळी दहा ते दुपारी दोन मी त्या बंद खोलीत बसले. घामानं ब्लाउज पाठीला चिकटला. छप्पन्न, सत्तावन्न, एकोणसाठ. फडकं पिळा, घाला, काढा. मोबाइलला रेंज नाही, बोलायला माणूस नाही. समोरच्या छोट्या टीव्हीवर तेवढी ती ओळ सरकत होती. पंधरा वर्षं रोज नजरेखालून गेलेली, म्हणून मी ती कधी नीट वाचलीच नव्हती. त्या दिवशी वाचली.

"हरवला आहे. हिरामण, वय १९, उजव्या भुवईवर व्रण, अंगात निळा शर्ट. माहिती असल्यास फोन करा." बिचारा आता चौतीसचा असेल, पट्टीवर एकोणीसचाच, असं मनात म्हणतेय तोच पुढून नंबर आला. शेवटी सत्तेचाळीस बारा.

तो आमचा नंबर होता. घरातल्या लँडलाइनचा. कौसाबाईंकडे तेव्हा फोन नव्हता म्हणून महेशनं आमचा घातलेला. आणि ती लँडलाइन दोन हजार चौदा साली मीच बंद केली होती. हातात मोबाइल आले, हे डबडं कशाला, म्हणून मी स्वतः अर्ज भरला आणि महेशला सही करायला लावली. त्यानं विचार न करता सही केली. तो रोज पट्टी बघायचा, पण अक्षरं धक्का खातात का एवढंच बघायचा.

तरी मी बाहेर जाऊन मोबाइलवरून तो नंबर लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं ती बाई दोन भाषांत बोलली.

परत आत आले तर एकसष्ट. बर्फाची पिशवी हातातून निसटून खाली पडली. ती उचलली, फॅनसमोर धरली आणि ढसाढसा रडले. पाणी ओतून ते मशीन संपवायचं जिच्या मनात यायचं ती मीच होते, आणि न ओतताच काम तमाम करून बसले होते.

महेश अडीचला आला, हातात प्रसादाचा डबा. चप्पल काढायच्या आधी थर्मामीटर बघितलं. "अगं वा, अठ्ठावन्न! जमलं की तुला."

"अहो, नंबर वाचा," म्हटलं.

त्यानं वाचला. ओळ एकदा गेली, परत आली, परत गेली. मला वाटलं आता ओरडेल, ओरडला असता तर बरं झालं असतं. डबा खाली ठेवून तो कीबोर्डवर वाकला आणि एक एक आकडा खोडून माझा मोबाइल नंबर घातला. नंतर ओल्या वाळूत बोटं खुपसून बसला. "सही मी केली होती," एवढंच म्हणाला.

पुढच्या सोमवारी कौसाबाई आल्या. पदराआडून कैऱ्या काढल्या आणि दरवेळी विचारतात तेच विचारलं, "कुनाचा फोन आलता का रं बाबा?"

महेशनं माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षं तो त्यांना बिनधास्त "नाही मावशी" म्हणत आला होता. मी म्हटलं, "नाही मावशी. अजून नाही."

खोटं नव्हतं ते. "येल, येल," म्हणत त्यांनी मशीनला हात टेकला आणि चटकन मागं घेतला. "लय तापलाय गं पोरी. जप त्याला."

फडकं पिळायला मी उठले.