न धुतलेलं लुगडं

मंडळी, आज सकाळी देवपूजा आटोपून मी गाडी जुंपली आणि कोरीटला गेलो.

पंधरा दिवसांपूर्वी तिथल्या चुलतभावाचा दीड वर्षाचा मुलगा आम्ही दत्तक घेतला. विधी होताच मी त्याच्या आईला बजावलं होतं, की वर्षभर येऊ नकोस, त्याला आमची सवय होऊ दे.

तेव्हापासून लेकरू धड झोपलेलं नाही. बायकोने कोऱ्या लुगड्याची झोळी बांधली, तरी रडणं थांबेना. काल शेजारची म्हातारी मला म्हणाली, "कोरं लुगडं काय हुंगी तो? तेन्ही मायनं जुनं आन. इतली पूजा करस, नी इतलं समजस नही तुले?"

कोरीटला मी जुनं लुगडं मागताच भावजयीने, लेकराच्या आईने, काही न विचारता लुगड्याची घडी पुढे केली.

"धुयेल शे का?" मी विचारलं.

"नही, दादा. तुम्ही येशात म्हनीसन तसंच ठेयेल शे."

मला तिच्याकडे बघवेना. देवासमोर मूल ओटीत घेतलं, पण आईला तोडा असं देवाने कुठे सांगितलं होतं? तुमच्यापैकी कुणी मूल घेतलं असेल, तर तुम्ही काय केलंत?

मी ती घडी परत तिच्याच हातात दिली आणि तिला गाडीत बसवून घरी घेऊन आलो.