हलकी बंदूक निवडताना

पन्नाशी उलटल्यावर माणसाने नवीन वस्तू निवडायच्या भानगडीत पडू नये, असं माझं मत होत चाललं आहे. गादी घ्या, चष्मा घ्या, बूट घ्या, प्रत्येकाचे चाळीस प्रकार आणि प्रत्येक प्रकारावर कुणीतरी केलेला अर्ध्या तासाचा व्हिडिओ. मला त्याचा मनापासून वीट येतो. तरीही गेल्या हिवाळ्यात मी रायफल निवडायला बसलो, कारण जुनी माझ्याच्याने पेलवेनाशी झाली होती.

आयर्लंडमधल्या आमच्या ॲडम्सटाउनच्या मराठी मंडळींत बंदूक बाळगणारा बहुधा मी एकटाच. गणपतीच्या आरतीनंतर नवीन आलेलं एखादं जोडपं हळूच माझ्याकडे बघतं, तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं हे मी ओळखतो. त्यात गूढ काही नाही. मी संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे, बारा-बारा तासांच्या पाळ्या करतो. तिथेच माझ्या वयाचा एक आयरिश तंत्रज्ञ मित्र झाला. त्याच्या भावाची किल्डेअर जिल्ह्यात शेती आहे आणि त्या शेतातलं कोवळं पीक ससे फस्त करतात. मी कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवलेली, हे एकदा कँटीनमध्ये बोलण्याच्या ओघात निघालं. मग परवाना, कपाटात भिंतीला ठोकलेलं लोखंडी कुलूपबंद खोकं, पोलीस स्टेशनच्या फेऱ्या, हे सगळं रीतसर झालं आणि सुट्टीच्या शनिवारी मी त्याच्याबरोबर जाऊ लागलो. त्याला आता दहा-बारा वर्षं होतील.

ससे हे निमित्त. खरं म्हणजे त्या शेतात मला कुणी काही विचारत नाही. कारखान्यात विचारतात, घरी विचारतात, पुण्याहून फोनवर विचारतात. तिथे आम्ही कुंपणाच्या कडेने चालतो, ओल्या गवतात आडवे होतो, थर्मासमधला चहा पितो आणि तासन्‌तास बोलत नाही. बायको शाकाहारी, ससा तिच्या स्वयंपाकघरात येणं शक्यच नाही. तो मित्राच्या घरी माझ्या कांदा-लसूण मसाल्यात शिजतो. पण मला शनिवारी घराबाहेर ढकलणारी तीच. "जा बाबा तू. नाही गेलास की रविवारी आम्हाला छळतोस," असं ती म्हणते आणि त्यात काहीही खोटं नाही. मला तो शनिवार हवा होता. बाकी सगळं सुटलं असतं तरी चाललं असतं.

आमची चालण्याची एक पद्धत होती. मित्र पुढे, मी मागे. बांधाबांधावर काटेरी तारा आहेत. तार आली की तो थांबायचा, मागे वळून बघायचा नाही. मी माझ्या रायफलचा बोल्ट मागे ओढून उघडा करायचो, म्हणजे नळी रिकामी, चुकूनही गोळी सुटायची नाही. तो खट्‌ आवाज कानावर पडला की मगच तो तारेखाली वाकायचा. हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं.

आणि हा बोल्टच मला जड जाऊ लागला. मधुमेहाने उजवा खांदा धरला. फ्रोझन शोल्डर म्हणतात त्याला. रात्री कूस बदलताना डोळ्यांत पाणी यायचं. रायफल उचलून धरायची, गोळी झाडली की बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, पुन्हा नेम धरायचा, एवढ्यात माझा खांदा संपावर जायचा. मित्र म्हणाला, "हलकी सेमी-ऑटोमॅटिक घे. एक गोळी सुटली की पुढची आपोआप येऊन बसते. तू फक्त ट्रिगर दाबायचा." हरणांसाठीच्या मोठ्या रायफलीत तसला प्रकार इथे सहजासहजी मिळत नाही, पण सशांच्या पॉइंट टू-टूमध्ये मिळतो.

मग मी आपले लोक जे करतात तेच केलं. एक्सेल उघडलं. वजन, लांबी, दस्ता लाकडी की प्लास्टिकचा, नळी जाड की बारीक, मॅगझिन काढायला सोपं की अवघड, प्रत्येकाला गुण आणि गुणांना भार. तीन-चार रायफली सारख्याच गुणांवर येऊन अडकल्या. कागदावरचं वजन हातात कसं लागतं ते कळेना, म्हणून मी मॉपच्या दांड्याला तूरडाळीची पाकिटं चिकटपट्टीने बांधली आणि बैठकीच्या खोलीत ती खांद्याला लावून उभा राहू लागलो. एक पाकीट पुढे सरकवून, एक मागे. तोल पुढे गेला की खांदा लवकर बोंबलतो, मागे आला की तग धरतो, हे मला डाळीने शिकवलं.

मुलगी प्रेसमधून सीरियल काढत होती. इथल्या लोकांसारखं आम्हीही सगळे आता घरात कपाटाला प्रेसच म्हणतो. ती वळून म्हणाली, "डॅड, आर यू एमिंग डाळ ॲट द टीव्ही?"

"वजन बघतोय," मी म्हणालो.

"यू'र ग्रँड," म्हणजे चालू दे तुझं, असं म्हणून ती वर निघून गेली.

बायको मात्र दारात उभी राहून बघत राहिली. "खांदा बघतोयस ते ठीक आहे," ती म्हणाली, "पण बोटांचं काय? परवा तवा नुसत्या हाताने उचललास. फोड आला तरी तुला पत्ता नाही."

"थंडी आहे गं. बधिर होतात सगळ्यांचीच."

"घरात हीटिंग चालू होतं," ती म्हणाली. मी डाळीचं पाकीट आणखी थोडं मागे सरकवलं.

दुकान किल्डेअरमध्येच, एका गावाबाहेर. दुकानामागेच त्यांची छोटी रेंज आहे, पत्र्याच्या शेडखाली. मित्र सोबत होता. दुकानदार उंच, बोलायला गोड, पण विकायची घाई नसलेला माणूस. मी छापून नेलेला तक्ता त्याने आदराने पाहिला आणि बाजूला ठेवला. "हातात घेऊन बघा," म्हणाला. पहिली मला लांब वाटली. दुसरीचा दस्ता गालाला टोचला. तिसरी खांद्याला लावली आणि मी खाली घेईना. इतकी हलकी, इतकी बेताची, की खांद्याने तक्रारच केली नाही. मला एकदम हसू आलं. कित्येक महिन्यांत एखादी वस्तू माझ्या अंगाला बरी वाटली नव्हती.

"चालवून बघा," दुकानदार म्हणाला.

शेडमध्ये बाकावर बसलो. मित्र डाव्या बाजूला, दुकानदार मागे. पुढे कागदी निशाण. नेम धरला, श्वास अर्धा सोडला, ट्रिगर दाबला. गोळी गेली. खांद्याला नुसती टिचकी. मी बोट बाहेर काढलं आणि कागदाकडे डोळे बारीक करून बघत असतानाच रायफल पुन्हा उडाली.

कागदावर दोन भोकं, एकमेकांना जवळजवळ चिकटलेली.

"लव्हली," दुकानदार म्हणाला. "काय चपळाई आहे!"

"फेअर प्ले टू यू," मित्र म्हणाला, म्हणजे इथलं शाब्बास, आणि हसला.

मी खाली बघितलं. बोट मी बाहेर काढलंच नव्हतं. मला तसं वाटलं होतं. ते आतच, ट्रिगरवर टेकलेलं होतं, आणि आत्ता या क्षणीही मला ते तिथे आहे हे डोळ्यांनी दिसत होतं म्हणून कळत होतं. मी दुसऱ्या हाताने ते बाहेर काढलं. मॅगझिन काढलं, नळी रिकामी केली, सेफ्टी लावली, रायफल बाकावर आडवी ठेवली. हे सगळं मी फार सावकाश केलं. वजन, लांबी, तोल, दस्ता, सगळं मोजून बसलो होतो मी, आणि बायको सांगत होती तेवढंच मोजलं नव्हतं.

"मग? नावावर राखून ठेवू?" दुकानदाराने विचारलं.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. लक्ष्मी रोडवर साड्यांचा ढीग उपसून झाल्यावर म्हणतात तसंच.

परतताना मित्र गाडी चालवत होता. तो खुशीत होता. हीच घे, सोमवारी अर्ज टाक, परवाना येईपर्यंत जुनी आहेच, असं सगळं त्याने परस्पर ठरवून टाकलं. मी खिडकीबाहेर बघत होतो आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात सौदे करत होतो. थंडी होती. एकदाच तर झालं. डॉक्टर गोळ्या बदलून देईल. बोटांवर लक्ष ठेवीन, प्रत्येक वेळी डोळ्यांनी बघीन. जुन्या बोल्टवाल्या रायफलीत निदान दुसरी गोळी आपोआप येत नाही. पण पहिली? पहिलीही तशीच सुटली असती. मी खूप दमलो होतो आणि मला फक्त माझा शनिवार पाहिजे होता.

"खालच्या शेताची तार तुटली होती ती भावाने पार खाली घट्ट ओढून बांधलीय," मित्र म्हणाला. "आता पार जमिनीला पोट लावून जावं लागेल."

त्या तारेखाली वाकलेली त्याची पाठ मला दिसली. जुनं हिरवं जॅकेट, खांद्याजवळ ठिगळ. त्या पाठीमागे मी असायचो.

"दुसरी गोळी मी मारली नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"मला वाटलं बोट बाहेर आहे. ते आत होतं. मला बोट कळत नाही."

पुढच्या पेट्रोल पंपावर त्याने गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसला.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून असेल."

"दिवाळी म्हणजे साधारण हॅलोवीन," तो स्वतःशीच म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला एवढं पाठ झालं होतं. "त्यानंतर आपण किती वेळा गेलो."

हा प्रश्न नव्हता. तो चिडला होता. मी त्याला मशीन बंद पडल्यावर चिडलेलं पाहिलं होतं, माणसावर कधी नाही. मला शरम वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली, की रायफल तर गेलीच, आता हाही जाईल. मग तो आत जाऊन दोन चहा घेऊन आला, माझा बिनसाखरेचा. घरासमोर मला उतरवताना त्याने इंजिन चालूच ठेवलं.

घरी बायकोने विचारलं, "घेतलीस?" मी नाही म्हणालो आणि सगळं सांगितलं. तिला "मी म्हणत होते" म्हणायचा पूर्ण हक्क होता. तिने तो वापरला नाही. माझा हात ओढून घेतला, तर्जनीचं टोक दाबलं, मग पेर, मग तळवा. "इथे? इथे?" तळव्याशी कुठेतरी मला तिचा अंगठा कळला. मी होकारार्थी मान हलवली. तिने पुन्हा टोकापासून सुरुवात केली, जणू मी चुकीचं उत्तर दिलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी जुनी रायफल दुकानात जमा केली. पोलीस स्टेशनला कळवलं, डॉक्टरांकडे गेलो, भिंतीतलं खोकं रिकामं झालं. मुलगी म्हणाली, तिथे आता तिचे हॉकीचे बूट ठेवू का. मी हो म्हणालो. कारखान्यात मित्राची आणि माझी पाळी जुळत नव्हती, की तो जुळू देत नव्हता, कोण जाणे. मला कशातच रस राहिला नव्हता. पाळी संपवून यायचो आणि जेवण न करता झोपायचो.

शुक्रवारी संध्याकाळी त्याचा मेसेज आला. "उद्या साडेसात. चहा तुझा."

मी थर्मास भरला. गाडीत तो हवामानावर बोलला. शेतात पोहोचल्यावर त्याने त्याची रायफल खांद्याला अडकवली आणि नेहमीसारखा पुढे निघाला नाही. फाटक उघडून धरून उभा राहिला.

"तू पुढे चल," तो म्हणाला. "तुझे डोळे तर ठीक आहेत ना? ससे तू दाखव."

मी पुढे झालो. दहा-बारा वर्षांत त्या शेतात माझ्यापुढे कुणी नाही असं पहिल्यांदाच झालं. गवत ओलं होतं, हातात फक्त थर्मास. माझ्या पाठीला तो मागे असल्याचं सारखं जाणवत होतं, आणि असं किती शनिवार त्याला जाणवलं असेल ते तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. खालच्या शेताची तार आली. खरंच भावाने ती फार खाली ओढली होती.

मी थांबलो. मागे वळून बघितलं नाही. बोल्ट उघडल्याचा खट्‌ आवाज आला, आणि मी तारेखाली वाकलो.