मायनिंगला लागलेलं पाणी

मायनिंग इंजिनिअरिंग म्हणजे काय, हे मजीद सरांनी क्रांती चौकातल्या पानवाल्यापासून स्वतःच्या सासऱ्यांपर्यंत सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. सगळं शांतपणे ऐकून घेऊन सगळे एकच विचारायचे, "म्हंजे विहिरीच खांदता ना?"

सर आधी चंद्रपूरकडं कोळशाच्या खाणीत होते. ऐंशीच्या दशकात औरंगाबादेत खाजगी कॉलेजं उगवली, त्यातल्या एकानं कुठल्याशा उत्साहाच्या भरात मायनिंगची शाखा काढली आणि सर मोठ्या हौसेनं आपल्या गावी परतले. आसपास खाण नाही, खाण पाहिलेला माणूस नाही. दुसरीकडं कुठंच मार्क पुरले नाहीत की पोरगं मायनिंगला यायचं. बरोबरचा बाप, डॉक्टरला विचारावं तसा खालच्या आवाजात विचारायचा, "दुसरा काहीच इलाज नाही का?" आयुष्यात एकदा तरी कुणी समोर बसून 'मला मायनिंगच पाहिजे' म्हणावं, एवढीच सरांची इच्छा होती.

त्यात शेजारी सिव्हिल! सिव्हिलची पोरं मायनिंगच्यांना 'घुशी' म्हणत, मायनिंगची पोरं त्यांना 'गवंडी'. गॅदरिंगच्या रस्सीखेचीत मायनिंगचा मूठभर संघ दरसाल सिव्हिलच्या अंगावर जाऊन पडे आणि मैदानभर आरोळी उठे, "निघाल्या रे घुशी बिळातून!" सर ते ऐकून तांबडे व्हायचे आणि घरी येऊन जेवायचे नाहीत.

एका उन्हाळ्यात होस्टेलचे नळ आटले. प्राचार्यांनी फर्मान काढलं : सिव्हिलनं एक जागा दाखवावी, मायनिंगनं एक. दोन्हीकडं बोअर घेऊ, बघू कुणाला पाणी लागतं.

मजीद सरांना वाटलं, आपली इज्जत कमवायची वेळ आली. भर मे महिन्यात डोक्याला रुमाल बांधून ते हातोडी घेऊन माळभर हिंडले. दगड फोडले, हुंगले, नकाशा काढला. व्हॉलीबॉलच्या मैदानामागं खाली भेगाळलेला थर आहे, पाणी तिथंच, असं ठरवून त्यांनी खुंटी ठोकली.

बोअरची गाडी आली तेव्हा कॉलेजशेजारचं अर्धं गारखेडं बघायला जमलं होतं. सिव्हिलच्या जागेतून तळापर्यंत नुसता धुरळा निघाला. गाडी सरांच्या खुंटीकडं वळली आणि तेवढ्यात गर्दीतून पुंजाराम आला. सरांचा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. कपाळाला गुलाल, गळ्यात हार, तळहातावर नारळ.

"पुंजाराम, ये क्या तमाशा है?"

"सर, मी पायाळू हाय. जन्मताना पाय आधी आले माझे. पायाळूच्या हातावर नारळ उभा राहिला की खाली पाणी असतंय."

"अरे, पण जागा मी शोधली ना!"

"तीच दाखवतो की. तुमच्या खुंटीपाशीच उभा करतो. पब्लिकला नुसता दगड सांगून पटत नाय सर. गवंडी म्हंतील, तुक्का लागला. मंग आपल्या ब्रँचची काय इज्जत?"

सर नारळ हिसकावणार, तोवर नारळ उभा राहिलासुद्धा. गर्दीनं हात जोडले. गाडी घरघरली, आणि पाण्याचा फवारा पुरुषभर उंच उडाला!

पोरांनी पुंजारामला खांद्यावर घेतलं. सिव्हिलचे हेडही त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटा, माझ्या प्लॉटवर कधी येतोस?" सरांच्या नकाशाकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

घरी त्यांच्या बेगम, गौहर, पोट धरून हसल्या. "अजी, धूप में काले तुमे हुए, और हार नारियल को पड़ा?"

मग आपल्या शेतातलं पाणी पुंजारामकडून बघून घ्यायला डिपार्टमेंटच्या दारात नारळ घेतलेल्यांची रांग लागली. सिव्हिललाही हे सोसेना. त्यांनी आपल्यातला एक पायाळू पुढं केला. मायनिंगच्या पोरांनी त्याच्या आईला गाठून चौकशी केली, तर तो चारचौघांसारखा डोक्याकडूनच जन्मला होता. यावरून कँटीनमध्ये मारामारी झाली. खडक कसा असतो, हे मात्र कुणी विचारलं नाही.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. पहिल्याच दिवशी मुकुंदवाडीचे कारभारी म्हणून एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन सरांसमोर बसले आणि म्हणाले, "आमाला मायनिंगच पायजे."

सरांचा कानांवर विश्वास बसेना. "मायनिंगच? सिव्हिल नको?"

"नगं. नाव हाय तिथंच घालायचं पोराला."

सरांनी घाईघाईनं चहा मागवला. "बाळ, तुला खाणीची आवड कशी काय लागली?"

पोरगं बापाकडं बघू लागलं. "त्याला काय इचारता," कारभारी अभिमानानं म्हणाले, "पायाळू हाय त्यो!"

सरांनी डोळे मिटले, उघडले. मग शांतपणे सांगायचा प्रयत्न केला : इथं दगड शिकवतात, गणित शिकवतात, सुरुंग शिकवतात. नारळ शिकवत नाहीत.

"बरोबर हाय," कारभारी डोळा बारीक करून हसले. "असल्या गोष्टी भाईर सांगायच्याच नसत्यात."

"अहो, खरंच शिकवत नाही!" सर ओरडले. आवाज बाहेर व्हरांड्यात गेला. तिथं आणखी काही बाप आपापली पोरं घेऊन बसले होते. त्यातल्या एकानं दारातून अदबीनं डोकं आत घातलं.

"पहिल्या वर्षी नसतील शिकवत साहेब. दुसऱ्या वर्षी तर असंल?"

चहा आला. मजीद सरांनी कारभारींचा कप आपल्याकडं ओढला आणि स्वतःच पिऊन टाकला.