उजवा हात

आमचे काका बुद्धाच्या लाकडी मूर्ती घडवतात आणि कुणाकडे काही मागत नाहीत. दुसऱ्या गोष्टीचा त्यांना जरा जास्तच अभिमान. काकू गेल्यावर मी मदतीचं नाव काढलं की खेकसायचे, "मला काय धाड भरलीय?"

चाळीस वर्षं काकूच त्यांच्यासमोर मांडी घालून बसायची. डावा हात मांडीवर, उजव्याची बोटं जमिनीला टेकलेली. 'तुझा साक्षीदार कोण?' असं ध्यान मोडायला आलेल्या माराने विचारलं, तेव्हा बुद्धाने भूमीला हात लावला, ती ही मुद्रा. काकू म्हणायची, "त्यांना भूमी तरी होती. माझ्या पायाला मुंग्या येतात, त्याला साक्षीदार कोण?" काका पटाशी न थांबवता म्हणायचे, "मी आहे ना. हलू नकोस."

यंदा विहारातून मोठ्या मूर्तीचं काम आलं. काकांनी दार लावून घेतलं, कपाटाचा आरसा काढून समोर ठेवला आणि स्वतःच बसून, स्वतःलाच बघून तीन महिने कोरत राहिले. भंते मूर्ती न्यायला आले. बराच वेळ बघून हळूच म्हणाले, "चेहरा फार शांत उतरलाय. पण हात डावा टेकलाय."

काकांनी मूर्तीकडे पाहिलं, मग आरशाकडे. मला हसू आलं आणि लगेच स्वतःचाच राग आला. भिंतीपलीकडे राहून तीन महिन्यांत मी एकदाही आत डोकावले नव्हते. घरात दुसरं माणूस असतं तर पहिल्याच दिवशी ओरडलं असतं.

"पुन्हा होईल का तुमच्याकडून?" भंतेंनी विचारलं.

"होईल," काका म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

नवं लाकूड आलं. धड झालं, चेहरा झाला, आणि काम अडलं. चार दिवस ठोकण्याचा आवाज नाही. पाचव्या दिवशी दुपारी काका माझ्या दारात उभे. चपलांकडे बघत म्हणाले, "वेळ आहे का गं? जरा बसायचं होतं."

मी काकूच्या जागी बसले. तिथली फरशी घासून गुळगुळीत झाली होती. उजवा हात टेकवला. तासाभरात पायाला मुंग्या आल्या, पण हलले नाही.

बोटं कधीच कोरून झाली होती. काका पटाशी पुसत बसले होते, पुन्हा पुन्हा तीच, आणि मला ऊठ म्हणत नव्हते. मीही हात उचलला नाही.