लाखेनं धरलेला फिल्टर

लालसूची जीप आणि लालसूची जीभ, दोन्ही धानोऱ्याच्या बाजारात सगळ्यांच्या ओळखीची. "माह्या जीपले आजपावतर मेकॅनिकचा हात नाई लागला," हे त्यानं ऐकवलं नाही असा माणूस सापडणं कठीण. बढाई होती, पण खोटी नव्हती. जीपचं दुखणंखुपणं तो स्वतःच पाहायचा.

त्याची लेक रंजीता वडशाला झाडीपट्टीच्या नाटकात पहिल्यांदाच उभी राहणार होती. दुपारी तीनला रंगीत तालीम. नाटक मंडळी गाडी पाठवत होती, पण लालसूनं छाती ठोकून सांगितलं, "पोरगी माह्याच जीपमधी येईन." रस्त्यात दगाफटका नको म्हणून सकाळीच अंगणात ऑइल बदलायला बसला.

जुनं ऑइल घमेल्यात उतरलं, फिल्टर मात्र हलेना. हातानं पिळून झालं, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ओढून झालं. पेचकस ठोकून आरपार घातला, तर पत्रा फाटला आणि फिल्टर जिथल्या तिथं. आता जीप ना धड जुन्या ऑइलची, ना नव्याची. दहाची बसही निघून गेलेली. रंजीता कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती.

त्याची बायको बुधरी भाकरी टाकून बाहेर आली. "मागच्या खेपेस काही लावलं होतं का जी?"

लालसूनं डोकं खाजवलं. "गळून राह्यला होता ना... म्हून लाख लावली थोडी."

"थोडी?"

"तुया टोपलीतली. वितळवून."

बुधरी पोट धरून हसली. पळसाच्या फांद्यांवरची लाख खरवडण्यात तिची अर्धी हयात गेली होती. "लाख थंडी झाली का गोटा, गरम झाली का मेण. येवढंई नाई समजत तुमाले?"

चुलीवरचं उकळतं पाणी आणून तिनं गोणपाटाच्या चिंध्या भिजवल्या आणि चिमट्यानं फिल्टरच्या बुडाशी गुंडाळल्या. एकदा, दोनदा, तीनदा. मग पट्टी टाकून स्वतःच पिळलं. करकर आवाज करत फिल्टर फिरला आणि उरलंसुरलं काळं ऑइल तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. रंजीतानं ओट्यावरून उडीच मारली.

लालसूनं बूड खरवडून पुसलं, नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट फिरवलं.

"लाख देऊ का?" बुधरीनं विचारलं.

"चूप राह्य न वो!" म्हणताना तोही हसत होता.

जीपमध्ये बसण्याआधी बुधरीनं ऑइलनं काळं झालेलं आपलं बोट लेकीच्या गालाला टेकवलं. दृष्ट लागू नये म्हणून.

पावणेतीनला तिघं वडशात. मेकअपवाला रंजीताचा चेहरा न्याहाळत म्हणाला, "हे काळं कायचं लागलं?" आणि त्यानं कापूस उचलला.

दारातल्या लालसूनं मागं उभ्या बुधरीकडं पाहिलं. "राहू द्या भाऊ," तो म्हणाला, "आमच्या मेकॅनिकचा हात लागला तिले."