पेंटर आणि लंडनचे डॉक्टर

पडद्यावर अक्षर उमटलं की पेंटर करंगळीचं टोक त्याला हळूच लावून बघायचा. वीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. रंग वाळला की नाही ते बघायची बोटाची सवय जात नव्हती. सायबर कॅफेच्या बाई ओरडायच्या, "अहो, काच चिकट होते!" तो ओशाळून हात मागे घ्यायचा आणि पुढची ओळ आली की पुन्हा करंगळी.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. फ्लेक्स आलं आणि गावोगावचे पेंटर घरी बसले. रत्नागिरीत दोनेक वर्षांत राम आळीपासून मारुती मंदिरापर्यंत त्याच्या हातच्या पाट्या उतरल्या. फ्लेक्सवाल्याने त्याला नोकरी देऊ केली होती. ती न घेता तो चाळिशी उलटल्यावर संगणकाच्या वर्गाला जाऊन बसला, कॉलेजातल्या मुलींच्या शेजारी, पहिल्या बाकावर. बाहेर पडला तो वेबसाइट बनवणारा होऊन.

"रस्त्यावर पाटी लावलीत तर रस्त्यावरचाच माणूस वाचणार," हे त्याचं ठरलेलं वाक्य. तेवढ्या एका वाक्यावर तो जुन्या स्कूटरने जिल्हाभर फिरायचा.

वेळणेश्वरला एक खानावळवाले चार खोल्या भाड्याने देत. त्यांना 'जागतिक दर्जाची सेवा' असं लिहून हवं होतं. पेंटर म्हणाला, "ते सगळेच लिहितात हो. तुमच्याकडे सकाळी काय करतात?"

"घावन करते ही. दुसरं काय?"

"मग तेच लिहू. सकाळी गरम घावन मिळतात."

सावर्ड्याच्या काजूवाल्याला त्याने सांगितलं, "काजूचा फोटो नको. काजू सोलणाऱ्या बायकांचे हात काढतो. गिऱ्हाईक हात बघून विश्वास टाकतं." आज हेच शिकवायला मोठ्या शहरांत वर्ग भरतात. तेव्हा लोक त्याला चहा पाजायचे आणि तो गेला की हसायचे.

आम्हीही हसायचो. मी तेव्हा वाचनालयात ग्रंथपाल होतो. वेबसाइटचा मजकूर इंग्रजीत करून घ्यायला तो माझ्याकडे यायचा, मला 'सर' म्हणायचा. संध्याकाळी गोखले नाक्यावर आम्ही चारपाच जण चहाला जमत असू. त्यात बाळू होता, विजेच्या सामानाच्या दुकानाचा मालक. त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"काय रे पेंटर, अमेरिकेतून आलं काय कोणी चहा प्यायला?"

"येईल रे, येईल."

"येईल तेव्हा खुणेची पाटी सांग त्याला. तुझी एक तरी उरल्ये काय गावात?"

सगळे हसले की पेंटरही हसायचा. त्याचं हसणं अर्धा क्षण उशिरा यायचं, हे मला दिसत होतं.

त्याची बायको, आम्ही तिला वहिनी म्हणत असू, आंब्याची साटी घालायची. रस आटवून तुपाचा हात लावलेल्या ताटांत पसरायचा, उन्हात वाळवायचा, मग त्यावर दुसरा थर, तिसरा थर. पेंटरने पहिली वेबसाइट केली ती तिच्या साट्यांची. वर्ष झालं, एक पत्र आलं नाही. एप्रिलमध्ये एकदा बाळूने फारच छेडलं तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "या हंगामात हिला एक तरी बाहेरची ऑर्डर आली नाही, तर मी हे सोडून फ्लेक्सवाल्याकडे कामाला राहीन. सांगून ठेवतो."

तो गेल्यावर बाळू माझ्याकडे वळला. "सर, तुमचं इंग्रजी त्या कपाटांत कुजतंय. एक पत्र लिहा की, परदेशातून आल्यासारखं."

कल्पना बाळूची होती. पत्र माझं होतं. त्यात मी जीव ओतला, एवढा मी कधी कशात ओतला नव्हता. लंडनला तीस वर्षं राहिलेला एक मराठी डॉक्टर मी तयार केला. त्याला कोकणातलं आजोळ दिलं, आजोळच्या खळ्यात वाळणाऱ्या साट्यांची आठवण दिली. त्याच्या मुलीचं लग्न मुंबईत ठरवलं. पाहुण्यांना द्यायला तीनशे साटी हवीत, मे अखेरीस आमची गाडी येऊन घेऊन जाईल, असं लिहिलं. लग्न मी मुद्दाम घातलं. आमच्याकडे लग्नघरून कोणी आगाऊ पैसे मागत नाही. मागणं अपशकुनासारखं वाटतं. हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पेंटर छापलेला कागद घेऊन धावत वाचनालयात आला. "सर, वाचा. मोठ्याने वाचा."

मी माझं पत्र त्याला वाचून दाखवलं, मराठीत सांगितलं. आजोळाच्या वाक्याशी त्याने मला थांबवलं. "ते परत एकदा वाचा." मी परत वाचलं. वाक्य चांगलं उतरलं होतं, असं माझ्या मनात आलं.

पुढचा महिना पेंटरच्या आळीने काय केलं ते आम्ही रोज बघत होतो. वहिनींनी दोन नणंदांना बोलावून घेतलं. शेजारच्या बायका आल्या. खळ्यात, पडवीच्या पत्र्यावर, विहिरीच्या कठड्यावर ताटंच ताटं, वर जुनी पातळं पांघरलेली. मळभ आलं की सगळ्या धावत सुटायच्या. पेंटर हातात वेताची काठी घेऊन कावळे हाकायचा. एकाने विचारलं, "आगाऊ काही घेतलंस का रे?" तेव्हा वहिनीच आतून म्हणाल्या, "लग्नाच्या घरून? शोभतं का ते?"

आमच्यातला एक जण म्हणाला, "बास झालं आता, सांगून टाकू या." बाळू म्हणाला, "आता सांगशील तर मारील. गाडीच्या दिवशी सांगू, मजा येईल." मी काही बोललो नाही. मी सहसा बोलत नाही. लोक त्याला माझा चांगुलपणा समजतात.

गाडीच्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून फाटकाशी उभा होता. साटी बटर पेपरात बांधलेली, प्रत्येकावर त्याच्या हातचं अक्षर. कित्येक महिन्यांनी त्याने ब्रश धरला होता. आम्ही समोरच्या दुकानाच्या पायरीवर होतो. बाळूला हसू आवरत नव्हतं. दुपार झाली, ऊन उतरलं. वहिनी दोनदा बाहेर येऊन गेल्या. मग बाळूलाही हसू येईना. "चल रे, मला दुकान उघडायचंय," असं म्हणून तो निघून गेला. सांगितलं कोणीच नाही.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर कोणीतरी विचारलं, "गाडी रस्ता चुकली काय रे, पेंटर?" तो रागावला नाही. "लग्नघरात काहीतरी वाईट झालं असणार," तो म्हणाला. "नाहीतर तो माणूस तसा नाही."

मी डॉक्टरांच्या नावाने काढलेली ई-मेलची खोटी पेटी उघडली. त्याचं पत्र आलेलं होतं, मराठी पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. 'सगळे सुखरूप आहेत ना? साट्यांची काळजी करू नका. ती टिकतात.'

तिथे मी खरं सांगायला हवं होतं. मी डॉक्टरांच्या आईला मारलं. आई गेली, लग्न पुढे ढकललं, कळवायचं राहिलं, क्षमा असावी, असं उत्तर लिहिलं. ते वाचून घ्यायला तो माझ्याकडेच आला. मी वाचलं, त्याने डोळे पुसले. "बघा. मी म्हणत नव्हतो?"

साटी गावात, पाहुण्यांत हळूहळू संपली. डॉक्टर मात्र संपले नाहीत. महिन्या दोन महिन्यांनी पेंटर त्यांना लिहायचा. कोणाची वेबसाइट केली, कोणी हाकलून दिलं, ऑर्कुटवर आंब्याच्या बागायतदारांचा एक गट काढलाय, त्यात विकायचं नाही, नुसत्या कलमांच्या गोष्टी सांगायच्या, ओळख झाली की लोक आपणहून विचारतात, असं सगळं. मी इंग्रजीत उत्तर द्यायचो. तो कागद घेऊन यायचा आणि मी लिहिलेलं मीच त्याला समजावून सांगायचो. बाळूने एकदा विचारलं, "त्या डॉक्टरचं काय केलंत हो?" मी म्हटलं, "बंद केलं."

बंद केलं नाही, कारण मला ते आवडायला लागलं होतं. वाचनालयात मला कोणी काही विचारत नसे. डॉक्टरांना मात्र एक माणूस सगळं विचारत होता. शिवाय माझ्यापाशी सबब होती. डॉक्टरांचं आजोळाचं वाक्य त्याने वहिनींच्या वेबसाइटवर वरच घातलं होतं आणि ते वाचून खरी गिऱ्हाइकं येऊ लागली होती. पुण्याहून आली, मुंबईहून आली. 'लंडनचे डॉक्टर ज्यांच्याकडून घेतात' म्हणून दोन बागायतदारांनी त्याला काम दिलं. फ्लेक्सवाल्याकडे जायची वेळ आली नाही. मी मनाशी म्हणायचो, झालं ते भलंच झालं.

एकदा मी आजारी होतो, वैतागलेला होतो. त्याचं चार पानांचं पत्र आलं. मी उत्तरात लिहिलं की आपण फार लांब लिहिता, मी कामाचा माणूस आहे. दोन दिवसांनी तो कागद घेऊन माझ्या पुढ्यात बसला.

"काय म्हणतायत?"

"थोडक्यात लिहा म्हणतायत."

त्याने कागद उलटून मागची बाजू पाहिली. "बरोबर आहे. त्यांना पेशंट असतात." त्यानंतर त्याचं पत्र तीन ओळींपुढे कधी गेलं नाही.

म्हणून ते पत्रही तीन ओळींचंच होतं. 'पोटात दुखतं. जेवण जात नाही. काय घेऊ?'

पोटाबद्दल तो मला एका शब्दाने बोलला नव्हता. रोज भेटत होतो. थोडा वाळलेला दिसला होता, स्कूटरवर फिरून माणूस वाळतो असं मी धरलं होतं. डॉक्टरांनी काय लिहावं? जे कोणताही डॉक्टर पहिल्यांदा म्हणतो ते मी लिहिलं. पित्त असावं. तिखट टाळा, वेळेवर जेवा, थंड दूध घ्या. लिहिताना मला शब्दांची खूप निवड करावी लागली, एवढंच आठवतं.

कागद घेऊन तो आला. मी वाचून दाखवलं.

"पित्त!" तो म्हणाला आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. "ही सिव्हिलला चल म्हणून मागे लागल्ये. म्हटलं, आधी लंडनला विचारतो."

"दाखवून का येत नाहीस एकदा?" मी म्हटलं.

"सर, तुम्ही पुस्तकांतले. हे डॉक्टर आहेत."

तो हसत होता. टेबलापलीकडे, हाताच्या अंतरावर. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी कागदाची घडी करून त्याच्या हातात दिली.

दोन महिने तो थंड दूध घेत राहिला. नाक्यावर सगळ्यांना सांगायचा, "लंडनचं औषध चालू आहे." बाळू माझ्याकडे बघायचा, मी चहाच्या कपात बघायचो. मग एक दिवस वाचनालयाच्या तीन पायऱ्या चढताना तो मधेच बसला. त्या दुपारी मी डॉक्टरांच्या नावाने लिहिलं, ताबडतोब पोट दाखवून घ्या, आजच्या आज जा. तो गेला. तिथून त्याला मुंबईला पाठवलं, मुंबईहून परत घरी पाठवलं. घरी कशाला पाठवतात ते आळीतल्या सगळ्यांना कळलं. पोटातली गाठ फार पसरली होती. आधी आणलं असतं तर बघता आलं असतं, असं तिथले डॉक्टर वहिनींना म्हणाले. वजन किती उतरलं होतं, संडासातून रक्त पडत होतं, हे त्याने तीन ओळींत लिहिलं नव्हतं.

शेवटी मी रोज त्याच्या उशाशी जाऊन बसायचो. सांगायचं ठरवूनच जायचो. एकदा त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "डॉक्टरांना लिहू नका आजारी आहे म्हणून. त्यांना वाटेल, आपलं चुकलं." मी बरं म्हटलं. पावसाळ्याच्या तोंडाशी तो गेला.

तेरावा झाल्यावर वहिनी वाचनालयात आल्या. इतक्या वर्षांत तिथे कधी आल्या नव्हत्या.

"भावजी, लंडनच्या डॉक्टरांना कळवायला हवं. मला इंग्रजी येत नाही. तुम्ही चला."

आम्ही सायबर कॅफेत गेलो. बाईंनी एक जास्तीची खुर्ची दिली. वहिनी सांगत होत्या, मी टाइप करत होतो.

"लिहा, की हे गेले. तारीख लिहा. शेवटी फार त्रास झाला नाही म्हणावं." मी लिहिलं. "तुम्ही दाखवा म्हणालात म्हणून दाखवलंन तरी, नाहीतर आमचं कोणाचं ऐकत नव्हते, असं लिहा. तुमचे उपकार आहेत."

मी लिहिलं. पुढे काय, म्हणून त्यांच्याकडे पाहिलं.

"ते पित्ताचं काही लिहू नका," त्या हळूच म्हणाल्या. "आधी पित्त म्हणाले होते ते. इतक्या लांबून त्यांना काय दिसणार? उगाच लागून राहील मनाला."

मी बटण दाबलं. पत्र गेल्याचं पडद्यावर आलं. मी उठलो. वहिनी उठल्या नाहीत. त्यांनी पदर सावरून घेतला आणि पडद्याकडे बघत विचारलं,

"लंडनला आत्ता सकाळ असेल ना?"

"हो."

"मग वाचतील इतक्यात. थांबते थोडा वेळ. उत्तर घेऊनच जाते."

मी पुन्हा खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसलो.